आधी नाव विचारावं : 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' पुन्हा वाचताना

मी नर्स आहे. 19 वर्षं झाली, त्यातली 11 आयसीयूमध्ये. उर्सुला के. ल ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' मी पहिल्यांदा वाचली ती नाइट ड्यूटीच्या मधल्या सुट्टीत, चेंजिंग रूममधल्या बाकावर, रोज दहा-बारा पानं. तेव्हापासून दर दोनेक वर्षांनी ती पुन्हा हातात घेते. परवा पुन्हा संपवली, आणि या वेळी तिच्याबद्दल लिहायचंच असं ठरवलं.

पुस्तक 1968 सालचं, प्रकरणं फक्त दहा. अर्थसी म्हणजे बेटांनी भरलेला समुद्र. त्यातल्या गाँट बेटावर ब्राँझच्या वस्तू घडवणाऱ्याचा एक आईविना वाढलेला पोरगा शेळ्या राखतो. मावशी थोडंफार चेटूक जाणणारी. तिच्या तोंडून ऐकलेले शब्द तो एकदा गंमत म्हणून शेळ्यांवर म्हणतो, तर सगळ्या शेळ्या अंगाला खेटून उभ्या राहतात आणि काही केल्या हटत नाहीत. पोरगा घाबरतो. ताकद आली, पण ती सोडायची कशी ते माहीत नाही. पुढची सगळी कादंबरी या एका प्रसंगात आहे असं मला वाटतं.

कारण पुढे जादूगारांच्या शाळेत, रोक बेटावर, तो हेच करतो, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. एक सधन घरचा मुलगा त्याला सारखा टोचून बोलतो, आणि ईर्ष्येला पेटून हा मृतांपैकी एकीला बोलावतो. तिच्यामागून एक सावली या जगात शिरते. ती त्याचा चेहरा फाडते. ती फट बुजवताना शाळेचे वृद्ध प्रमुख स्वतःचा जीव देतात. मग हा मुलगा, गेड, आधी त्या सावलीपासून पळतो आणि नंतर तिच्या मागे लागतो. शेवट सांगत नाही. एवढंच सांगते की तिथे लढाई नाही, आणि तरी तो वाचताना माझे हात गार पडले होते.

अर्थसीत प्रत्येक गोष्टीला एक खरं नाव असतं. ते ज्याला कळलं, त्याची तिच्यावर सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं खरं नाव जपतात आणि वापरायला दुसरं ठेवतात. गेडला लोक एका शिकारी पक्ष्याच्या नावाने हाक मारतात, 'गेड' हे नाव अगदी जवळच्यांनाच ठाऊक. रोकवर तर नावं शिकवणारे एक गुरूच आहेत. एका एकाकी मनोऱ्यात मुलं बसतात आणि याद्याच्या याद्या पाठ करतात. समुद्राचं नाव येऊन भागत नाही, त्या खाडीचं, त्या खडकाचंही यावं लागतं. मला तो मनोरा फार आवडतो. औषधांची नावं, मात्रा, कशात काय मिसळायचं नाही, हे मीही असंच रात्र-रात्र पाठ केलंय. पाठांतराला इतका मान देणारं दुसरं कुठलं अद्भुत पुस्तक मी वाचलेलं नाही.

पण माझ्या प्रतीत खुणेचा कागद असतो तो पाचव्या प्रकरणात. शिक्षण संपवून गेड लो टॉर्निंग नावाच्या ठिकाणी येतो. छोटी छोटी बेटं, साधी कष्टकरी माणसं. होड्या बांधणारा पेचवारी त्याचा मित्र होतो. एके रात्री पेचवारी धावत येतो, लहान मुलगा तापाने फणफणलाय. गेडला बघताक्षणी कळतं की हे मूल राहत नाही. त्याच्या गुरूंनी सांगून ठेवलेलं असतं की आजार बरा करा, जखम भरून आणा, पण जो निघाला त्याला अडवू नका. आईबापांचे चेहरे समोर असताना त्याला ते पाळवत नाही. मुलाच्या मागोमाग तो मृत्यूच्या देशात उतरतो. काळोखा उतार, न मावळणारे अनोळखी तारे, आणि ते मूल पुढे पुढे धावतंय. मूल हाती लागत नाहीच. परत चढून यावं, तर दगडी गडग्याच्या अलीकडे, जिवंतांच्या बाजूला, सावली वाट बघत उभी.

हे पान मी पहिल्यांदा वाचलं त्याच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडे एक तरुण पेशंट गेला होता. सीपीआर, म्हणजे छाती दाबून थांबलेलं हृदय पुन्हा सुरू करायची धडपड, चालू होता. मिनिटाला 100 ते 120 दाब, दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा. माझी पाळी असताना डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. मला ऐकू आलं होतं. तरी मी आणखी सात-आठ दाब दिले. शेवटी शेजारच्या सिस्टरने माझ्या मनगटावर हात ठेवला. मला कोणी काही बोललं नाही, पण मी घरी जाऊन स्वतःला खूप बोलले. आणि मग हे प्रकरण आलं. ल ग्विन गेडला शिक्षा सुनावत नाहीत, त्याला सावरूनही घेत नाहीत. तो गेला, का गेला, परत येताना काय झालं, एवढंच सांगतात. त्या रात्री बाकावर बसून मी पोटभर रडले आणि मग वॉर्डात गेले.

आणि तो परत कसा येतो? त्याचं शरीर पडलेलं असतं, लोकांना वाटतं संपला. त्याने पाळलेला ओटक नावाचा एक छोटासा प्राणी येतो आणि त्याला चाटत राहतो. ओटकाला आवाजच नसतो, त्यामुळे हाक मारण्याचा प्रश्न नाही. ओल्या-कोरड्या जिभेचा स्पर्श, बस्स. तेवढ्यावर गेड परततो. आमच्या कामात ज्याला नोंद नाही असं पुष्कळ असतं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या कपाळावर हात ठेवला, हे चार्टवर कुठल्याही रकान्यात बसत नाही. ते करताना मला आता ओटक आठवतो.

पुस्तकात खटकण्यासारखंही आहे. बायकांची जादू दुबळी आणि बायकांची जादू दुष्ट, अशी गाँटवर म्हण आहे, आणि या भागात कथा ती म्हण खोडून काढत नाही. शाळेत एक मुलगी नाही. मला हे पहिल्या वाचनात टोचलं, अजूनही टोचतं. पण लेखिकेने ते तसंच सोडलं नाही. 1990 साली 'तेहानू'मध्ये त्या याच जगात परत आल्या, एका विधवेच्या आणि भाजलेल्या मुलीच्या घरात. तेही वाचा, पण यानंतरच. आणि एक गोष्ट, गेड तांबूस तपकिरी वर्णाचा आहे, त्याचा मित्र व्हेच काळा आहे. कितीतरी मुखपृष्ठांनी गेडला गोरा करून टाकलं, आणि ल ग्विन यांनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली होती. तुमच्या प्रतीवर गोरा मुलगा असेल तर त्या चित्राकडे लक्ष देऊ नका.

ज्यांना पानोपानी लढाया हव्यात त्यांना हे संथ वाटेल. भाषा मात्र जुन्या कथेकऱ्यासारखी आहे. मोठ्याने वाचून बघा, वाक्यं तोंडात बसतात.

व्हेचचा प्रसंग राहिलाच. शाळेत सावली सुटली त्या भयंकर रात्रीनंतर गेड अनेक महिने अंथरुणाला खिळून होता. बरा होऊन शाळेत परततो तेव्हा त्याचा स्वतःवरचा विश्वास पार गेलेला. निरोप घ्यायला आलेला व्हेच त्याला आपलं खरं नाव सांगतो. अशा जगात, जिथे नाव सांगणं म्हणजे जीव हातात देणं.

आम्ही वॉर्डात माणसांना बेड नंबरने ओळखतो. 'सातला सक्शन कर', 'चारचं बीपी बघ'. मीही वर्षानुवर्षं हेच म्हणत आले. गेल्या पावसाळ्यात सात नंबरच्या आजी गुंगीचं औषध बंद करूनही डोळे उघडेनात, फाइलवरच्या नावाला ओ देईनात. मी मुलीला विचारलं, घरी काय म्हणतात? तिने आधी इकडे तिकडे पाहिलं, मग माझ्या कानाशी येऊन हळूच सांगितलं. मी वाकून त्याच नावाने हाक मारली. पापण्या हलल्या, मग डोळे उघडले. ते नाव मी इथे लिहिणार नाही.