लॅपटॉपला हेडफोन कळत नाहीये: जॅक नीट करावा, यूएसबी डोंगल घ्यावा की ब्लूटूथवर जावं?

हेडफोन दुसरीकडे लावून बघितलाय, रीस्टार्ट झालंय, साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बदलून झालंय असं धरून चालतो. मी या तिन्ही वाटांनी जाऊन आलोय म्हणून लिहितोय. (डोंगल म्हणजे यूएसबी पोर्टला लावायचा छोटा अडॅप्टर, हेडफोन त्यात लागतो.)

आधी जॅकच बघा, त्यात खर्च नाही. विंडोज अपडेटनंतर हे सुरू झालं असेल तर ड्रायव्हरवर, म्हणजे साउंड चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, संशय घ्या, डिव्हाइस मॅनेजरमधून रिअलटेकचा (साउंड चिपच्या कंपनीचा) ड्रायव्हर बदलून मायक्रोसॉफ्टचा साधा हाय डेफिनिशन ऑडिओवाला टाकून बघा, नाहीतर लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरचा. पण पिन थोडी बाहेर ओढल्यावरच आवाज येतो, किंवा गाण्यातली वाद्यं ऐकू येतात आणि गाणाऱ्याचा आवाजच गायब, असं होत असेल तर ड्रायव्हरमध्ये वेळ घालवू नका, पिन पूर्ण बसत नाहीये किंवा ग्राउंड, म्हणजे दोन्ही कानांची सामाईक तार, नीट टेकत नाहीये. खिशातला, बॅगेतला बारीक कचरा आत दाबून बसतो. लॅपटॉप बंद करून हवेने उडवा, टाचणी मात्र घालू नका.

माझा जॅक साफ केल्यावर चालला, पण थोडेच दिवस. जॅकच्या आत एक बारीक पत्ती असते, पिन गेली की ती सरकते आणि त्यावरून लॅपटॉपला कळतं की हेडफोन लागलाय. माझ्याकडे बहुतेक तीच सैल झाली होती, त्यामुळे मान वळवली, वायर जरा हलली की लॅपटॉपच्या हिशोबाने हेडफोन निघालेला आणि आवाज थेट स्पीकरवर. एकदा कॉलवर एक सहकारी तिच्या आईच्या आजारपणाबद्दल सांगत होती आणि मधेच तिचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू गेलं, चार माणसं बसलेली होती, मला म्यूट सापडेपर्यंत दोन वाक्यं गेलीसुद्धा. मला फार वाईट वाटलं. त्यानंतर त्या जॅकवर माझा भरवसा राहिला नाही. जॅक बदलून मिळतो, छोट्या वेगळ्या बोर्डवर असेल तर काम सोपं, मदरबोर्डलाच सोल्डर केलेला असेल तर मला तरी ते जिवावर आलं.

ब्लूटूथ गाण्यांसाठी मस्त आहे, खोटं कशाला बोलू. पण कॉलमध्ये हेडफोनचा माइक चालू झाला की स्टेरिओ जातो, आवाज मोनो आणि दबका होतो, कारण लॅपटॉप त्याला हँड्सफ्री मोडमध्ये टाकतो. लॅपटॉपचाच माइक निवडला तर हे टळतं, पण मग खोलीतला सगळा गोंगाट समोरच्याला. एलई ऑडिओ, म्हणजे ब्लूटूथची आवाजाची नवी पद्धत, असलेल्या नव्या जोड्यांमध्ये हे सुधारतंय, फक्त दोन्हीकडे तो सपोर्ट लागतो.

शेवटी मी यूएसबी डोंगलवर थांबलो. त्याच्यात स्वतःची साउंड चिप असते, लॅपटॉपचा जॅक मधे येतच नाही, वेगळा ड्रायव्हरही लागला नाही. माझ्या डोंगलमधून हेडफोनची पिन निघाली तरी लॅपटॉप स्पीकरवर उडी मारत नाही, नुसती शांतता होते, आणि मला हेच हवं होतं. अख्खा डोंगल उपटला तर मात्र स्पीकर बोलतो, म्हणून तो मागच्या बाजूच्या पोर्टला लावून ठेवलाय. एक पोर्ट कायमचा अडकतो, दोनच पोर्ट असतील तर हे जाचू शकतं. तुम्ही एकटेच बसत असाल आणि कॉल कमी असतील तर ब्लूटूथनेही भागेल कदाचित.

टाइप-सीवाला डोंगल घेताना एवढं बघा की आत डॅक आहे, म्हणजे डिजिटल सिग्नलचा आवाज करणारी चिप. नुसत्या वायरीसारखे पॅसिव्ह अडॅप्टरही मिळतात, ते काही फोनवर चालतात पण बहुतेक लॅपटॉपवर नाही, माझा पहिला तसाच निघाला. आणि माइक हवा असेल तर हेडफोनच्या पिनवरच्या रेघा मोजा, तीन पाहिजेत.