परसबागेचं ठिबक किट: पेला आणि घड्याळ घेऊन

गेल्या दिवाळीत गुडघा धरला आणि डॉक्टरांनी बजावलं, बादल्या उचलणं बंद. बाकी सगळं सोडलं असतं, पण मागच्या आवारातली भाजी सोडवेना. म्हणून जानेवारीत एक ठिबक किट मागवलं. १,८५० रुपये. खोक्यावर पालकाची हिरवीगार रांग, टोपी घातलेली हसरी बाई आणि मोठ्या अक्षरात 'फक्त नळाला जोडा, बाकी विसरा'. कंपनीचं नाव लिहीत नाही. घेण्याआधी अशी तीन-चार किटं पाहिली होती, आतलं सामान उन्नीस-बीस सारखंच. एकट्या एकीला कशाला धरू?

आमचं घर प्रतापनगरात. मागचं आवार अठरा बाय बारा फूट. कोपऱ्यात कढीपत्ता, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला धोपा (अळू), भिंतीपलीकडे शेजारच्यांचा कडुनिंब आणि बाकी सगळी काळी माती. नागपुरात संक्रांत उलटली की उन्हाळी भाजीचे हात शिवशिवायला लागतात. यंदा मी जरा आधीच हात घातला. २० जानेवारीला भेंडीचे चौदा दाणे टोबले, तीन उगवले. पाकिटावर उगवण ६५ टक्के छापलेली, म्हणजे नऊ तरी यायला हवे होते. पण बियाण्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. रात्री मला दोन पांघरुणं लागत होती, भेंडी कशाला डोकं वर काढेल! ८ फेब्रुवारीला पुन्हा टोबले, रात्रभर भिजवून. चौदातले अकरा आले. वाण परभणी क्रांती. पानांच्या शिरा पिवळ्या करणारा हळद्या त्यावर सहसा येत नाही, म्हणून दरवर्षी तोच. सोबत गवार, बरबटी (चवळीच्या शेंगा), दोडके आणि काकडीचे तीन वेल. होळीपर्यंत रोपांनी बूड धरलं पाहिजे, नाहीतर एप्रिलचं ऊन त्यांना उभं राहू देत नाही.

आता किट. १६ मिलिमीटरची काळी नळी वीस मीटर, ताशी चार लिटर पाणी थेंबथेंब सोडणारे तीस ड्रिपर, बारीक मायक्रोट्यूब, टी आणि एल्बो हे जोड, नळीला भोक पाडायचा पंच, जाळीची छोटी गाळणी आणि सेलवर चालणारा टायमर. नळी चांगली आहे, हे आधीच सांगते. जाड, काळीकुळकुळीत, वाकवली तरी चिमत नाही. पसरण्याआधी तासभर उन्हात टाकून ठेवा, गुंडाळीचा पीळ जातो. जोड बसत नसेल तर नळीचं तोंड कढत पाण्यात बुडवायचं, मऊ होतं. माहितीपत्रकात यातलं काही नाही. मायक्रोट्यूब मात्र पांढुरकी दिली आहे, ते चुकलंच. आत उजेड गेला की शेवाळ धरतं. मार्चच्या मध्यात दोन नळ्या आतून हिरव्यागार झाल्या.

खरी कथा टायमरपासून सुरू होते. आमच्या मागच्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं. टायमर लावला, सकाळी सहाची वेळ दिली. सहाला आतून 'खट्' आवाज आला. मी कमरेवर हात ठेवून उभी. ड्रिपरच्या तोंडाशी थेंब जमला आणि तिथेच लटकून राहिला. टायमर काढून नळी थेट नळाला जोडली, तेव्हा कुठे पाणी आलं.

मी चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. आलं म्हणजे किती आलं, हे मोजल्याशिवाय चैन पडेना. २०० मिलिलिटरचा औषधाचा मापाचा पेला घेतला आणि ड्रिपरखाली जमिनीत दाबून बसवला. ताशी चार लिटर, म्हणजे पेला तीन मिनिटांत भरायला हवा. पावणेपाच मिनिटं लागली. नळीच्या अगदी शेवटच्या ड्रिपरला सात. बरं, हेही चाललं असतं. पण घरातून सूचना आली की एक दिवस तू कॉक बंद करायला विसरशील आणि घरभर पाणी नाही म्हणून बोंब होईल, त्यापेक्षा वेगळा ड्रम लाव. मी विसरते, हे खोटं नाही. म्हणून न्हाणीजवळच्या ओट्यावर २०० लिटरचा निळा ड्रम ठेवला आणि त्याला नळी जोडली. पुन्हा पेला, पुन्हा घड्याळ. साडेनऊ मिनिटं. शेवटच्या ड्रिपरखाली मी चौदा मिनिटं बसले आणि गुडघा बोलायला लागला तशी उठले.

कंपनीच्या नंबरावर फोन लावला. मुलगा बोलायला गोड होता. "मॅडम, आप प्रेशर पंप लगवा लीजिए।" किती रुपयांचा? अडीच हजारापासून पुढे. म्हणजे अठराशेच्या नळीला अडीच हजारांचा पंप आणि वर विजेचं बिल, कशासाठी, तर चाळीस रुपयांच्या भेंडीसाठी. टायमरबद्दल विचारलं, तर म्हणाला कागदावर किमान दाब लिहिला आहे. होता खरा, आतल्या कागदावर, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. खोक्यावर टोपीवाली बाई आहे, दाब नाही. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती मी त्याला सांगितली. या टायमरच्या आतला पडदा पाण्याच्या दाबावरच उघडतो. घरोघरी टाकी-ड्रमवर बाग करणाऱ्यांना तो देऊन उपयोग काय?

हे सगळं भिंतीपलीकडून ऐकू जात होतंच. शेजारचे भाऊजी वीज मंडळातून निवृत्त झालेले. भिंतीवरून डोकावले. "वहिनी, काहून पंप लावून राहिले? पाण्याले उंची लागते, विकत काहून घेता?" आणि हिशोब सांगितला. ड्रिपरवर लिहिलेले चार लिटर एक किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबावर मोजलेले असतात, आणि एक किलो दाबाला दहा मीटर उंचीचं पाणी लागतं. ओट्यावरचा ड्रम जेमतेम एक मीटर. पाणी मात्र उंचीच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही. उंची चौथाई केली तर पाणी निम्मं होतं. मी आठवीला दाब शिकवणारी बाई, आणि माझ्या आवारात येऊन हे मला भाऊजींनी सांगावं!

मग ड्रम न्हाणीच्या स्लॅबवर चढला. अडीच मीटर उंची. (पत्र्याचं छत असेल तर हा उद्योग करू नका, २०० लिटर म्हणजे २०० किलो.) पेला सहा मिनिटांच्या आत भरायला लागला, म्हणजे ताशी दोन लिटरच्या वर. शेवटच्या ड्रिपरचं रडगाणंही भाऊजींनीच मिटवलं. नळीचं शेवटचं टोक बूच मारून बंद करायचं असतं, ते त्यांनी फिरवून पुन्हा सुरुवातीच्या टीला जोडलं, गोल कडं केलं. "फीडर दोन्हीकडून द्यावा लागते," म्हणाले. आता पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरमध्ये अर्ध्या मिनिटाचाही फरक नाही. कंपनीच्या चित्रात सरळ रेघा काढल्या आहेत. तुम्ही कडं करा, एक टी जास्त लागतो.

आणि टायमरची गरजच संपली. सकाळी गच्चीची मोटर सुरू असते तेव्हा पाइप लावून ड्रम भरायचा आणि कॉक उघडायचा. ड्रम रिकामा झाला की ठिबक बंद. विसरायला काही उरतच नाही. फेब्रुवारीत पाव ड्रम भरत होते, मार्चमध्ये अर्धा, आता एप्रिलमध्ये काठोकाठ. सकाळीच सोडा हं. दुपारी दोनला एकदा सोडून पाहिलं, तर नळीतलं पहिलं पाणी बोटाला चटका देणारं. काळी नळी, नागपूरचं ऊन, दुसरं काय होणार!

काळ्या मातीत ठिबक बरं चालतं. पाणी खाली निसटत नाही, आडवं पसरतं, त्यामुळे एका ड्रिपरवर भेंडीची दोन झाडं सहज जगतात. पण एकदा का ती माती सुकली की भेगाळते, आणि ड्रिपर नेमका भेगेवर आला तर सगळं पाणी त्या फटीतून पाताळात. माझ्या गवारीच्या रांगेत असंच झालं. ड्रिपर चालू, टपटप ऐकू येते, आणि झाड माना टाकून उभं. बोट घातलं तर भेगेत दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. शेणखत आणि बारीक माती मिसळून फट बुजवली, झारीने एकदा चांगलं भिजवलं, ड्रिपर चार बोटं सरकवला. माती सुकूच देऊ नये, यावर इलाज तोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंब पानं गाळतो, भाऊजींच्या झाडाची सगळी गळ माझ्याच आवारात पडते. ती रोपांच्या बुडाशी वीतभर थर करून टाकली. ओल टिकते.

पालक आणि सांभाराला (कोथिंबिरीला) मात्र हे किट कामाचं नाही, खोक्यावर चित्र पालकाचंच असलं तरी. फेकून पेरलेल्या वाफ्याला थेंब कुठे कुठे पुरणार? ड्रिपरभोवती ताटाएवढं हिरवं वर्तुळ आणि मधे टक्कल. तिथे झारीच, आणि झारी मला उचलवते.

खरी परीक्षा झाली ती मार्चच्या शेवटी. लेकीकडे पुण्याला नऊ दिवस गेले आणि ड्रमचं काम भाऊजींवर सोपवलं. ३० तारखेला परत आले ती चप्पल न काढता मागे. दोडक्याचा वेल पऱ्हाटीच्या (कापसाच्या काड्यांच्या) मांडवावर पार वरपर्यंत गेलेला. बरबटी लोंबत होती. भेंडी वीतभर आणि निबर, कारण भाऊजींनी पाणी इमानेइतबारे दिलं, पण दुसऱ्याच्या आवारातली भाजी तोडायचा त्यांना संकोच! काकडीचा एक वेल मेला होता. कडुनिंबाची पानं बाजूला केली तर ड्रिपरच्या तोंडावर पांढरा खडा धरलेला. टाकीत बोअरचं पाणीही पडतं, ते जड, त्याचा क्षार. पानांचा थर असा उलटतो, खाली ड्रिपर बुजला तरी वरून सगळं झाक दिसतं. आता दर रविवारी हात फिरवून एकेक ड्रिपर पाहते. बुजलेले काढून व्हिनेगरच्या वाटीत रात्रभर टाकले, तेवढ्याने मोकळे झाले. गाळणी कचरा अडवते, विरघळलेला क्षार तिच्यातून बिनदिक्कत जातो.

खारींचंही सांगायला हवं. एप्रिल लागला आणि मायक्रोट्यूब कुरतडलेल्या सापडायला लागल्या. तहान लागली की बिचाऱ्या करणार काय. कढीपत्त्याखाली मातीचं परळ भरून ठेवलं, तेव्हापासून एकच नळी गेली.

दोडके लावणाऱ्यांसाठी एक, किटशी याचा संबंध नाही. सकाळी फुलं मिटलेली पाहून जीव टाकू नका. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. मी दिवेलागणीला जाऊन नर फूल तोडते आणि मादी फुलाच्या तोंडावर टेकवते. मादी ओळखायला सोपी, फुलाच्या मागे बोटभर दोडका असतोच.

किटला पाचपैकी तीन. नळीचे आणि ड्रिपरचे चार द्यायला हरकत नव्हती, टायमरने घालवले. बदली मायक्रोट्यूब आणायला कॉटन मार्केटकडच्या एका ठिबकवाल्याकडे गेले. त्याने वर न बघताच विचारलं, "किती एकर?" मी म्हटलं, अठरा बाय बारा फूट. तेव्हा मान वर झाली, हसला, पण सामान नीट दिलं. काळी मायक्रोट्यूब मिळाली. तिथे नळी दहा रुपये मीटर, ड्रिपर तीन रुपये नग. गाळणी, टी, कॉक धरून माझं अख्खं किट सुटं घेतलं असतं तर सातशेच्या आत बसलं असतं. फक्त पंच मागून घ्या, तापवलेल्या खिळ्याने भोक पाडाल तर ते मोठं होतं आणि ड्रिपर गळतो. मला विचाराल तर सुटंच घ्या. ज्यांना दुकानात जाणं जमत नाही त्यांनी टायमर नसलेलं किट शोधावं.

आज सकाळी पाऊण किलो भेंडी निघाली, चार दोडके, मूठभर गवार. अर्धी भेंडी भिंतीवरून पलीकडे दिली. टायमर कपाटात आहे. त्याचे सेल काढून टीव्हीच्या रिमोटला लावले, ते छान चालतात.