जंगलावरचा वारा की मोकळ्या रानावरचा?

स्वीडनमध्ये पवनचक्की उभारायची तर दोन तऱ्हेच्या जागा समोर येतात. एक, दक्षिणेतल्या स्कोनेसारखी सपाट शेतजमीन. दुसरी, स्प्रूस-पाइनचं जंगल. उत्तरेतल्या पितेओजवळचा मार्कबिग्डेनचा प्रचंड पवनऊर्जा प्रकल्प अशाच जंगलात आहे. १०० मीटर उंचीवर दोन्हीकडे वाऱ्याचा सरासरी वेग अगदी सारखा निघाला, तरी त्या आकड्यावर निर्णय घेऊ नका.

झाडं वाऱ्याला अडवतात. २० मीटर उंचीचं दाट जंगल असेल तर वाऱ्याच्या लेखी जमीन सुरू होते तीच साधारण १४ मीटरवर. तिथून वर वेग झपाट्याने वाढत जातो. पात्यांच्या चक्राचा व्यास १०० मीटर आणि त्याचा मध्य, म्हणजे हब, १०० मीटरवर धरा, म्हणजे पात्याचं टोक ५० ते १५० मीटरमध्ये फिरणार. मोकळ्या शेतावर वरच्या टोकाला खालच्यापेक्षा सुमारे १७ टक्के जास्त वेग मिळतो. जंगलावर हाच फरक ४५ टक्क्यांच्या पुढे जाऊ शकतो. प्रत्येक पातं प्रत्येक फेरीत हा हिसका सोसतं. त्यात शेंड्यांवरून उठणारे भोवरे असतातच. पात्यांची मुळं, बेअरिंग आणि गिअरबॉक्स यांचं आयुष्य त्यात झिजतं. म्हणून जंगलासाठी जास्त टर्ब्युलन्स, म्हणजे वाऱ्यातली खळबळ, सोसणाऱ्या वर्गातलंच यंत्र घ्यावं, स्वस्तातलं नको.

मात्र हीच वेगवाढ उंच मनोऱ्याच्या पथ्यावर पडते. हब १०० वरून १४० मीटरवर नेला, तर शेतावर वाऱ्यातली शक्ती १५ टक्क्यांच्या आसपास वाढते, जंगलावर जवळपास ४० टक्के. शेतात जादा उंचीचा खर्च वसूल होईलच असं नाही. जंगलात तो टाळणं मला चूक वाटते.

वस्तीपासूनचं अंतर आणि आवाजाच्या तक्रारी पाहता जंगल सोयीचं, यात वाद नाही.

माझा कौल: वेग सारखा असेल तर शेत. जंगल घ्यायचंच तर लागवडीचं घ्या, जुन्या नैसर्गिक जंगलाला हात लावू नका. मोजणी हबच्या उंचीवर, निदान वर्षभर करा. ६० मीटरच्या खांबावरून वरचा अंदाज बांधणं जंगलात फार धोक्याचं. आणि करारावर सही करण्यापूर्वी जमीनमालकाकडून पुढच्या २५ वर्षांचा तोडणीचा आराखडा मागून घ्या. शेजारचा पट्टा तोडला की जंगलाची नवी कड तयार होते, नवी लागवड वाढली की वारा पुन्हा बदलतो, आणि यंत्र तर तिथेच उभं असतं.