स्क्रीनरवाल्या गॅलरीत विमानांचे फोटो: काही महिन्यांनंतरचा अनुभव

विमानांचे फोटो हौसेने काढणाऱ्यांची एक वेगळीच जमात आहे, आणि या जमातीत उठबस करायची तर कधी ना कधी स्क्रीनरवाल्या गॅलरीशी, म्हणजे आलेला प्रत्येक फोटो तपासूनच घेणाऱ्या वेबसाइटशी, गाठ पडतेच. एअरलायनर्स डॉट नेट त्यातली जुनी. जेटफोटोज 2016 पासून फ्लाइटरडार24च्या मालकीची. फ्लाइटरडार24 म्हणजे उडती विमानं नकाशावर दाखवणारं ॲप; त्यात विमानावर बोट ठेवलं की जो फोटो उघडतो, तो तिथूनच आलेला असतो. इथे फोटो टाकला आणि झळकला असं होत नाही. तो रांगेत लागतो, कोणीतरी स्क्रीनर तो शंभर टक्के झूम करून बघतो, मग होकार तरी येतो किंवा कारणांसकट नकार. मी बऱ्याच महिन्यांपासून अशाच एका गॅलरीत मुंबईचे फोटो पाठवते आहे. कोणत्या ते लिहीत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे, आणि नियम तसेही सगळीकडे उन्नीस-बीसच असतात.

नव्याने सुरू करणाऱ्यांना आधीच सांगते. नकाराची कारणं वाचली की वाटतं, आपलं एडिटिंग कच्चं आहे. सॉफ्ट (धूसर), ओव्हरशार्प (कडा अति ठळक), लो कॉन्ट्रास्ट (फिकट), नॉइज (रवाळ), बॅकलिट (उजेड विमानाच्या मागून). मग माणूस यूट्यूबवर एडिटिंगचे धडे बघत बसतो. पण यातल्या बहुतेक दुखण्यांवरचा इलाज कॉम्प्युटरवर नसून तुम्ही किती वाजता आणि कुठल्या बाजूला उभे होतात यात असतो.

मुंबईचंच घ्या. इथे वारा बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे विमानं सहसा रनवे 27 वर, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून, उतरतात, घाटकोपर-कुर्ल्यावरून येत, जरीमरीची छपरं ओलांडून. तिथे ती इतकी खाली असतात की मोठी लेन्स अडचणच होते. साधी 70-300 असली तरी तिचं अर्धं टोक वापरायची वेळ येत नाही. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे झुकलेला, म्हणून उतरत्या रेषेच्या दक्षिणेला उभं राहायचं. मे-जूनमध्ये मात्र सकाळचा सूर्य ईशान्येला असतो, तेव्हा उत्तरेची बाजू उजळते. हे न बघता सवयीने नेहमीच्याच जागी गेलं की दरवाज्याखालचा सगळा भाग काळा येतो, आणि शॅडो, म्हणजे गडद भाग, कितीही उजळले तरी तिथे फक्त नॉइज वर येतो. मे महिन्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. तेव्हा कुठेही उभे राहा, विमानाचं पोट अंधारातच.

दुसरा शत्रू म्हणजे हीट हेझ. खाली पत्र्यांची छपरं आणि डांबर, एकदा तापलं की हवा थरथरायला लागते. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो. घरी येऊन शंभर टक्क्यांवर खिडक्यांची रांग बघा: सरळ रेघेत असायला हवी ती नागमोडी दिसते, आणि कंपनीच्या नावातली अक्षरं कडेला विरघळल्यासारखी. यावर शार्पनिंग मारलं की शेपटीच्या तिरक्या कडेवर दातेरी पायऱ्या उमटतात. म्हणजे एकच फोटो एकाच वेळी सॉफ्टही आणि ओव्हरशार्पही. स्क्रीनर दोन्ही खुणा करून परत पाठवतो आणि नवखा माणूस चक्रावून जातो. ऊन चढल्यावर काढलेले फोटो मी हल्ली एडिटिंगला घेतच नाही, विमान दुर्मीळ असलं तरच.

डिसेंबर-जानेवारीत मुंबईची हवा काय असते हे सांगायला नको. तेव्हाचा नकार ठरलेला, लो कॉन्ट्रास्ट. कॉन्ट्रास्ट वाढवायला लेव्हल्स ओढल्या की आकाशात रवा दिसतो, नॉइज कमी केला की रंगावरचे रिव्हेटसुद्धा पुसले जातात. त्याला एकच उपाय, विमान आणि आपल्यामध्ये हवा कमी ठेवायची, म्हणजे शक्य तितकं जवळ जायचं. माझ्या मते मुंबईतला सगळ्यात चांगला काळ सप्टेंबर. सर येऊन गेलेली, धूळ बसलेली, मधूनच ऊन. त्या दिवसांतले माझे फोटो जवळजवळ विनातक्रार गेले, आणि एडिटिंग मी नेहमीचंच केलं होतं.

आता खरोखर कॉम्प्युटरवरची कामं. सेन्सरवरची धूळ निळ्या आकाशात नजरेला दिसत नाही. फोटोशॉपमध्ये इक्वलाइझ (उजेड-अंधाराचा फरक ताणणारी कमांड) केलं की काळे ठिपके लख्ख उमटतात. लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे एफ/11, ठेवलं की ते जास्त दिसतात, म्हणून मी एफ/8 च्या पुढे जात नाही. आकार लहान केल्यावरच शार्पनिंग करायचं, आधी नाही. क्षितिज सरळ करताना जमिनीवर विश्वास ठेवू नका, रस्ता आणि रनवे दोन्हींना चढउतार असतो. फ्रेमच्या मधोमध असलेला दिव्याचा खांब किंवा इमारतीची उभी कड धरा. कडेचे खांब लेन्समुळेच कललेले असतात. विमान मध्यावर हवं हा नियम एका ओळीचा, पण मध्य शेपटीसकट काढायचा की धडाचा, यावर स्क्रीनरा-स्क्रीनरांत फरक पडतो. माझी कुरकुर इथलीच आहे. एक फोटो 'विमान वर आहे' म्हणून परत आला, मी तो खाली घेतला, तर दुसऱ्याने 'खाली आहे' म्हणून परत केला. अपील केलं, एका वाक्यात आधीचा नकार दाखवला, तेव्हा वरिष्ठ स्क्रीनरने घेतला. अपील जरूर करा, पण भांडू नका. ही माणसं बिनपगारी आहेत, स्वतःही कुठल्यातरी कुंपणाशी उभी राहणारी. नव्या माणसाला एका वेळी मोजकेच फोटो पाठवता येतात आणि नकार साचले की तेही अडतं, त्यामुळे 'बघू, लागला तर लागला' म्हणत पाठवणं महागात पडतं.

माहिती भरण्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि तिथेही फोटो अडकतो. इंडिगोच्या इस्तंबूल फ्लाइटवर तुर्किश एअरलाइन्सची 777 विमानं चालकांसकट भाड्याने घेतलेली होती. ट्रॅकिंगवर नाव इंडिगोचं, विमानावर रजिस्ट्रेशन, म्हणजे त्याचा नोंदणी क्रमांक, तुर्कस्तानच्या टीसीने सुरू होणारं. तिथे ॲपवरून माहिती उतरवली की चुकलंच. रजिस्ट्रेशन नेहमी फोटोतूनच वाचायचं. ते बदलूही शकतं. कारखान्याचा सिरीयल नंबर मात्र शेवटपर्यंत तोच. एअर इंडियाने भाड्याने घेतलेली काही 777-200एलआर विमानं आधी अमेरिकेच्या डेल्टा कंपनीकडे होती, आणि त्या नंबरावरून त्यांचे दोन्ही जन्म एका पानावर सापडतात.

मला या गॅलरीची खरी गोडी लागली ती इथे. विस्तारा 12 नोव्हेंबर 2024 ला एअर इंडियात विलीन झाली. तिचा जांभळा-सोनेरी रंग विमानांवरून उतरत गेला, पण रजिस्ट्रेशनं तीच राहिली. एका नंबरावर क्लिक केलं की एकाच विमानाचे दोन्ही वेष तारखेसकट समोर येतात. 22 एप्रिल 2024 ला एअर इंडियाचं 747, व्हीटी-ईव्हीए, मुंबईहून पंख हलवत अमेरिकेला कायमचं गेलं. त्या दिवशीच्या फोटोंचा दर्जा कोण बघत बसणार? दुर्मीळ प्रसंगाला स्क्रीनरही थोडी सूट देतात. रोजच्या इंडिगो ए320 ला मात्र काडीचीही नाही, आणि ते बरोबरच आहे.

तक्रार करायचीच तर ही: या गॅलऱ्यांना आवडतो तो पासपोर्टचा फोटो. बाजूने, पूर्ण उजेडात, सावली नाही, चेहऱ्यावर भाव नाहीत. जुहूच्या वाळूत संध्याकाळी उभं राहिलं की उडालेली विमानं समोरून अंगावर येतात, मावळतीचं ऊन त्यांच्या नाकावर असतं, खाली भेळवाले, पतंग, पोरं. त्यातला माझा सगळ्यात आवडता फोटो 'अडथळा' म्हणून परत आला, कारण खालच्या कोपऱ्यात फुगेवाल्याचे फुगे होते. तो माझ्या भिंतीवर आहे. अशा फोटोंसाठी ही जागा नाही, हे एकदा समजून घेतलं की त्रास होत नाही.

परवानगीचं लोक विचारतात. विमानतळाच्या कुंपणाशी लेन्स रोखून उभं राहू नका, ड्रोनचं नावही काढू नका. पुण्याचं लोहगाव हा हवाई दलाचा आणि गोव्याचं दाबोळी हा नौदलाचा तळ, तिथे कॅमेरा बॅगेतच. जरीमरीत एकदा हवालदारांनी हटकलं, "ताई, हे कशासाठी?" मी ओळखपत्र आणि कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. ते दोन-चार फोटो बघून म्हणाले, "आमच्या पोराला पाठवा की एखादा," आणि लगोलग, "पण आता निघा." मी निघाले. सांगितलं की निघायचं, वाद घालायचा नाही.

पैशांचं म्हणाल तर गॅलरीकडून मला एक रुपया मिळत नाही. हक्क आपल्याकडेच राहतात, पण व्हॉट्सॲपवर आणि बातम्यांच्या चॅनेलवर फोटो सर्रास नाव कापून फिरतो. म्हणून रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल, कधीच डिलीट करू नका. फोटो आपलाच आहे हे दाखवायची वेळ आली तर तीच कामाला येते.