जननदराचा तक्ता वाचताना: पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा अहवाल

आशाताईंच्या, म्हणजे गावपातळीवरच्या आरोग्य स्वयंसेविकांच्या, प्रशिक्षणासाठी मी गेली काही वर्षे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा २०१९-२१ चा अहवाल वापरते आहे. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी तो सिद्ध केला असून, सुमारे सव्वासात लाख स्त्रियांच्या मुलाखतींतून जमलेली ही माहिती कोणालाही विनामूल्य मिळते.

देशाचा एकूण जननदर, म्हणजे सध्याच्या प्रमाणानुसार एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी होणारी मुले, २.० वर आला, ही बातमी सर्वांनी वाचली आहे. अहवालाचे मोल मात्र त्याखालच्या ओळींत आहे. शहरांत हा दर १.६ आणि ग्रामीण भागात २.१, म्हणजे अंतर अर्ध्या मुलाचे. शाळेची पायरीच न चढलेल्या स्त्रियांत तो २.८, तर बारा किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांत १.८, म्हणजे अंतर पूर्ण एका मुलाचे. राज्याराज्यांतली तफावतही मोठी आहे: बिहार ३.०, महाराष्ट्र १.७, गोवा १.३.

हा तक्ता पहिल्यांदा दाखवला तेव्हा एका आशाताईंनी अशिक्षित स्त्रियांच्या ओळीवर बोट ठेवून विचारले, "मॅडम, आमच्या वाडीत सातवीच्या पुढे शाळाच नाही, मग ही ओळ शिक्षणाची म्हणायची की गावाची?" या अहवालाविषयीचा इतका नेमका प्रश्न मी दुसरीकडे ऐकलेला नाही. शिकलेल्या स्त्रिया शहरांत आणि सुस्थितीतल्या घरांत अधिक असतात, त्यामुळे सगळा फरक एकट्या शिक्षणाच्या खात्यावर मांडता येत नाही. उलट, मुलगी दहावीपर्यंत टिकली की लग्न लांबते, पहिले बाळंतपण उशिरा येते आणि किती मुले हवीत या निर्णयात तिचा शब्द चालू लागतो, हेही आम्ही गावोगाव पाहतो.

याच सर्वेक्षणाच्या जिल्हावार माहितीपत्रकात जननदर दिलेला नाही, ही माझ्या दृष्टीने मोठी उणीव आहे. तेथे दहा किंवा अधिक वर्षे शिकलेल्या स्त्रियांचे, अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचे आणि तिसऱ्या किंवा त्यापुढच्या अपत्यांचे प्रमाण पाहून अंदाज बांधावा लागतो. तरीही गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाने हा अहवाल जवळ बाळगावा, असे मी आग्रहाने सांगेन. फळ्यावर तक्ता लिहिताना मी आता शेजारी एक रकाना रिकामा ठेवते: वाडीपासून माध्यमिक शाळा किती किलोमीटर. तो आशाताई स्वतः भरतात.