टिंकरकॅड, फ्रीकॅड आणि शाळेतला थ्रीडी प्रिंटर: कित्येक महिने वापरल्यानंतरचा अनुभव (सोलापूर)

आमच्या ओळखीतले बरेच जण विचारतात की शाळेत ते थ्रीडी मॉडेलिंग शिकवतात त्याचा खरंच काही उपयोग होतो का, की नुसतं प्रदर्शनात मांडायला असतं, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितेय. मी आत्ता दहावीत आहे, मराठी माध्यम. नववीचं जवळपास अख्खं वर्ष शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये डिझाईनचं काम केलंय, आधी टिंकरकॅडवर, दिवाळीनंतर फ्रीकॅडवर (दोन्ही कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल बनवायची सॉफ्टवेअर), आणि प्रिंटर तर सुरुवातीपासूनच. वेगवेगळा रिव्ह्यू लिहिणार होते पण ते तिन्ही एकमेकांत इतकं गुंतलेलं आहे की एकत्रच लिहिते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या लॅब नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनच्या आहेत, 2016 पासून सुरू झाल्या, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी असतात आणि शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. 2025 च्या बजेटमध्ये सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत अजून 50,000 लॅब जाहीर झाल्यात. पण शाळेत लॅब असणं वेगळं आणि ती रोज उघडणं वेगळं. आमच्याकडे सायन्सचे सर स्वतः बसायचे म्हणून चाललं, नाहीतर मशीन किती का भारी असेना, कुलूप लावलं की संपलं.

टिंकरकॅडपासून सुरुवात करते. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, काही इन्स्टॉल करायचं नाही, सर क्लास कोड देतात तो टाकला की आपण आत. डबे, सिलिंडर, गोळे ओढून आणायचे, एकाला होल करायचं, दोन्ही ग्रुप केले की भोक पडतं. पहिल्याच तासाला प्रत्येकाच्या नावाची किचेन तयार होते आणि सगळे खूश. सहावी-सातवीच्या मुलांना यापेक्षा चांगलं काही नाही असं माझं ठाम मत आहे. मोबाईलवर मात्र नीट जमत नाही, स्क्रीन लहान पडते, लॅपटॉप आणि माऊस पाहिजेच, टचपॅडवर मॉडेल फिरवता फिरवता जीव जातो.

एक गोष्ट कुठल्या व्हिडिओत सांगत नाहीत ती सांगते. टिंकरकॅडमध्ये सिलिंडर घेतला की त्याला डीफॉल्ट 20 बाजू असतात, म्हणजे तो खरा गोल नसतोच. 10 मिमीचं भोक केलं तर सपाट बाजूंच्या मधलं अंतर 9.9 च्या पण खाली जातं. त्यात प्रिंटरवर भोक मुळातच थोडं लहान येतं, मग 10 ची सळई जाणार कशी. साईड्सचा स्लायडर 64 पर्यंत न्या, बराच फरक पडतो. किचेनला याने काही होत नाही, पण दुसऱ्या वस्तूत बसवायचं काही बनवत असाल तर इथूनच सुरुवात होते.

आणि माझ्या मते शाळेत हे शिकण्याचा सगळा मुद्दा तिथेच आहे. जोपर्यंत आपण शून्यातून शोपीस बनवतो तोपर्यंत माप चुकलं तरी कळत नाही. ज्या दिवशी तुमचा तुकडा आधीच अस्तित्वात असलेल्या कशावर तरी बसवायचा असतो त्या दिवसापासून खरं डिझाईन सुरू होतं.

आमच्या गल्लीत एक काका आहेत, टॉवेलच्या कारखान्यात वार्पिंगवर, म्हणजे मागासाठी उभे धागे एकत्र गुंडाळायच्या मशीनवर, काम करतात. सरांनी सांगितलेलं की घरात, शेजारी, कारखान्यात कुणाला कशाचा त्रास होतो ते विचारून या, इंटरनेटवरून प्रोजेक्ट उचलायचा नाही. सोलापुरात हे सोपं आहे, कुणी ना कुणी माग, शिलाई नाहीतर विडीच्या कामात असतंच. मी काकांना म्हटलं धागा ज्यातून जातो ती कडी प्रिंट करून देऊ का, तर म्हणाले, "नको पोरी, प्लास्टिकला धागा खाच पाडतो, दिवसभर घासत असतोय की, म्हणून तर तिथं चिनी मातीची असते." त्यावरून खूप विचार केला मी, कारण सूत हातात किती मऊ लागतं. मग त्यांनीच सांगितलं की क्रीलवर, म्हणजे धागा जिथून सुटतो त्या चौकटीवर, जे कोन (सूत गुंडाळलेले कागदी शंकू) लावतात त्यातले काही कोन सळईवर डुगडुगतात, कोन हलला की धाग्याचा ताण कमी-जास्त होतो, धागा तुटतो, मशीन थांबवून गाठ मारायची, आणि अशा वेळी ते सळईला कागद नाहीतर चिंधी गुंडाळतात. म्हणजे कोनाच्या आत बसणारी एखादी पुंगळी पाहिजे होती. धागा तिला लागतच नाही, त्यामुळे खाचेचा प्रश्न पण नाही.

एक रिकामा कागदी कोन घरी आणला. कोनाला उतार असतो, आणि तो उतार मोजायचा कसा, कारण कोनमापक कुठेच टेकत नाही. मग कॅलिपरने (व्यास-जाडी अचूक मोजायचं साधन) खालचा आतला व्यास घेतला, वरचा घेतला, उंची घेतली. उंची 170 मिमी, व्यासातला फरक साधारण 35. अर्धा फरक 17.5, भागिले 170, म्हणजे 0.103, आणि टॅन थीटा 0.103 म्हणजे उतार सुमारे 5.9 अंश. नववीच्या भूमितीतलं टॅन थीटा, जे मी फक्त परीक्षेपुरतं पाठ केलेलं, ते पहिल्यांदा कशाला तरी लागलं. नंतर सरांनी सांगितलं की सुताच्या कोनांची ठरलेली मापं असतात, 4 अंश 20 मिनिटं, 5 अंश 57 मिनिटं वगैरे, आणि आमचा 5 अंश 57 मिनिटांचा निघाला. 5 अंश 57 म्हणजे 5.95. कॅलिपर आणि एका भागाकाराने इतक्या जवळ पोचता येतं याचा आनंद मला अजून सांगता येत नाही, त्या दिवशी घरी जाऊन आईला पूर्ण गणित परत करून दाखवलं.

आता सॉफ्टवेअर. टिंकरकॅडमध्ये पण उताराचा शंकू करता येतो, वरची-खालची त्रिज्या टाकायची. पण एक माप बदललं की बाकीचं आपोआप बदलत नाही, परत अलाईन करा, परत ग्रुप करा. काका दर वेळी सांगणार थोडं सैल कर, थोडं घट्ट कर, आणि आम्ही दर वेळी सगळं मोडून परत बांधणार, म्हणून सरांनी फ्रीकॅडवर नेलं. ते ओपन सोर्स आहे, कायमचं फुकट, नेट नसतानाही चालतं. 1.0 व्हर्जन 2024 च्या नोव्हेंबरमध्ये आलं, घ्यायचं तर ते किंवा त्याच्या पुढचंच घ्या, कारण जुन्या व्हर्जनमध्ये आधीचं स्केच बदललं की पुढची भोकं, कडा भलतीकडे जायच्या, तो त्रास 1.0 मध्ये बराच कमी केलाय.

पहिले काही आठवडे फ्रीकॅड अजिबात प्रेमात पाडत नाही हे खरं आहे. वर्कबेंच म्हणून प्रकार आहे, एका कामाची बटणं एकीकडे, दुसऱ्याची दुसरीकडे, आणि एरर येते ती इंग्रजीत आणि तीही अर्धवट. पण स्केचर कळलं की डोकं उघडतं. तुम्ही रेषा काढता, मग त्या रेषेला सांगावं लागतं की तू आडवी राहायचंस, तू इतक्या मिमीची, तुझं टोक या बिंदूला चिकटलेलं. जोपर्यंत काहीतरी सांगायचं राहिलंय तोपर्यंत ते स्केच माऊसने ओढलं की हलतं, आणि सगळं ठरलं की अख्खं हिरवं होतं. हिरवं होईपर्यंत सर पुढं जाऊ द्यायचे नाहीत. मला वाटायचं कशाला एवढा हट्ट, पण मग कळलं की हिरवं न होणं म्हणजे मी अजून काहीतरी ठरवलेलंच नाहीये. कागदावर आपण अंदाजे काढतो आणि आपल्याला वाटतं ठरलंय.

पुंगळीसाठी फक्त अर्धी बाजू काढली, मधल्या अक्षाभोवती रिव्हॉल्व्ह केली, म्हणजे गोल फिरवली, झाली. मापं स्प्रेडशीटमध्ये नावाने ठेवली, सळईचा व्यास, सैलपणा, उतार. काकांनी सैल म्हटलं की एकच आकडा बदलायचा आणि पूर्ण पुंगळी नवीन. हे पहिल्यांदा झालं तेव्हा आमच्या टेबलावर सगळ्यांनी परत परत आकडा बदलून बघितला.

चित्रकलेच्या बाईंचं पण श्रेय सांगितलंच पाहिजे. ज्यांनी इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा दिलीय त्यांना घनभूमितीचं प्लॅन-एलेव्हेशन (वस्तू वरून आणि समोरून कशी दिसते ते चित्र) आठवत असेल. आमच्यातल्या ज्या मुली ती परीक्षा देऊन आल्या होत्या त्यांना मॉडेलिंग इतरांपेक्षा भराभर जमलं, कारण वस्तू वरून कशी दिसेल हे त्यांच्या डोक्यात आधीच बसलेलं. एक सांगते, आपल्याकडे फर्स्ट अँगल वापरतात, म्हणजे वरून दिसणारं चित्र खाली काढायचं, आणि अमेरिकेतले व्हिडिओ बघाल तर तिथं थर्ड अँगल, तेच चित्र वर. फ्रीकॅडच्या टेकड्रॉमध्ये, म्हणजे मापांसकट ड्रॉइंग काढायच्या भागात, शीट काढताना कुठला अँगल निवडलाय ते बघून घ्या.

प्रिंटरबद्दल. आमचा साधाच आहे, 1.75 मिमीची पीएलए (एक प्रकारचं प्लास्टिक) वायर, 0.4 मिमीचा नोझल (वितळलेलं प्लास्टिक बाहेर येतं ते तोंड), 0.2 मिमीचे थर. पीएलए साधारण 200 डिग्रीला वितळवून थरावर थर देत जातो. किलोचा रोल हजाराच्या आसपास. स्लायसरमध्ये (मॉडेलचे थर पाडून प्रिंटरला देणारं सॉफ्टवेअर) फाईल टाकली की किती ग्रॅम आणि किती वेळ ते आधीच दिसतं, आणि तिथंच मला सगळ्यात मोठी गोष्ट शिकायला मिळाली. कोनाच्या पूर्ण उंचीची पुंगळी स्लायसरला टाकली तर वेळ तासन्‌तास दाखवत होता. सरांनी एवढंच विचारलं, "कोन कुठं कुठं टेकायला पाहिजे?" विचार केल्यावर लक्षात येतं की खाली आणि वर, दोनच ठिकाणी. मधला सगळा भाग नुसता भरणा. मग दोन वेगळ्या रिंगा केल्या, एक मोठी एक छोटी, प्लास्टिक कितीतरी कमी, वेळ कमी, आणि एक खराब झाली तर तेवढीच बदलायची.

ताकदीचं पण करून बघा. आम्ही एकच हूक दोनदा काढला, एक आडवा झोपवून आणि एक उभा, आणि दोन्हीला वजन लटकवलं. उभा काढलेला थराच्या रेषेवर कट्‌ करून तुटला, आडवा वाकला पण टिकला. मॉडेल तेच, प्लास्टिक तेच, फक्त थर कुठल्या दिशेला हा फरक. पुस्तकात वाचून हे लक्षात राहिलं नसतं.

भोकाचं सांगायचं राहिलं. आमच्या प्रिंटरवर 8 मिमीचं भोक 7.7 भरतं. तुमच्यावर वेगळं भरेल. म्हणून आधी वेगवेगळ्या मापांच्या भोकांची एक पट्टी प्रिंट करा, सळई घालून बघा, आणि तो आकडा लॅबच्या भिंतीवर लिहून ठेवा. आम्ही 10 च्या सळईला 10.4 ठेवतो.

सोलापूरकरांसाठी खास, ऊन. पीएलए 60 डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं. सरांनी गरम पाण्यात थर्मामीटर ठेवून पट्टी बुडवून दाखवली, साठच्या जवळ ती हाताने सहज वाकली. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतच त्रेचाळीस-चव्वेचाळीस असतं, बंद गाडीत त्याच्या कितीतरी वर जातं, तेव्हा वस्तू डॅशबोर्डवर ठेवू नका. दुसरं म्हणजे लाईट. मोठं प्रिंट चालू असताना लाईट गेली की अर्धा तुकडा आणि तेवढं प्लास्टिक वाया. प्रिंट मध्येच थांबला तर तिथून पुढे चालू करायची सोय काही प्रिंटरमध्ये असते, आमच्यात नाही, म्हणून मोठं काम सुट्ट्या भागांत तोडून काढायची सवय लागली.

काकांकडे रिंगा लावल्या. आधीच्या घट्ट झाल्या, कोन काढताना कागद फाटत होता, आकडा बदलून परत दिल्या, मग त्यांनी कोन हाताने फिरवून बघितला आणि म्हणाले, "हलंना आता." बस, एवढंच. नंतर त्यांनी अजून काही मागितल्या, त्यावरून कळलं की चालतायत.

आता तक्रारी. एका लॅपटॉपवर तिघी-चौघी बसायचो, माऊस एकीच्याच हातात, बाकीच्या बघणार, आणि माऊस नेहमी सगळ्यात भराभर करणारीच्या हातात जातो. दर पंधरा मिनिटांनी माऊस फिरवायचा नियम केल्यावर सुधारलं, जिथं लॅब आहे तिथल्या शिक्षकांनी हे पहिल्या दिवसापासून करावं. मराठीत शिकायचं साहित्य फार कमी आहे, आमच्या बाईंनी आणि मुलींनी मिळून बटणांचे अर्थ मराठीत लिहून वही केली. आणि दहावीत आल्यावर लॅब जवळजवळ बंद, याचं मला खरंच वाईट वाटतं, आठवड्यातून एक तास मागतोय आम्ही, त्याने कुणाचे मार्क जाणार नाहीत.

कुणी घ्यावं विचाराल तर, सहावी ते आठवी टिंकरकॅड, नववीपासून फ्रीकॅड. फ्यूजन (असंच अजून एक डिझाईनचं सॉफ्टवेअर) पण विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, शिक्षण सुरू असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि दर वर्षी रिन्यू करायचं, पण त्याला चांगला लॅपटॉप आणि नेट लागतं. घरी प्रिंटर घ्यायची अजिबात घाई करू नका, आधी कॅलिपर घ्या, साधा डिजिटल काहीशे रुपयांत येतो, आणि घरातल्या बादलीच्या कडीपासून नळाच्या आट्यांपर्यंत मोजत सुटा. माझं पुढचं काम रिंगा पीईटीजी नावाच्या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये काढून बघायचं आहे, ते 80 च्या आसपास मऊ पडतं म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये जास्त भरवशाचं, फक्त त्याला नोझल जास्त तापवावा लागतो आणि भोकाची पट्टी परत पहिल्यापासून काढावी लागणार.