रेप्लिका रेसकारमधलं पाणी: रबर लावून अडवायचं की भोक पाडून सोडायचं?

नागपुरात पाऊस जूनच्या मध्यावर येतो, पण त्याआधी दोन-अडीच महिने ऊन गाडी भाजून काढतं. रेप्लिका रेसकार, म्हणजे जुन्या नावाजलेल्या रेसगाडीची नक्कल, बांधत असाल किंवा कुणी बांधलेली विकत घेत असाल, तर या दोन्हींचा हिशेब एकत्रच करावा लागतो. पाणी आत येऊच नये म्हणून सगळ्या फटी बंद करायच्या, की आलेलं पाणी आपोआप बाहेर जाईल अशी वाट ठेवायची? माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी ट्रॅक आणि शोसाठी असेल तर वाट आधी, रबर नंतर. पावसात चालवायची असेल तर दोन्ही लागतं, पण क्रम तोच.

रस्त्याची बाब तशी नाजूकच आहे. निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे अशा बऱ्याच गाड्यांचा प्रवास ट्रेलरवरून होतो: चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टाई, कोइंबतूरचं कारी, नाहीतर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. म्हणजे पाऊस गाठतो तो अनेकदा ट्रेलरवर, गाडी बंद आणि तिरकी उभी असताना. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पाणी येतं कुठून

फोर्ड जीटी४० घ्या. ४० इंच उंचीवरून नाव पडलेली, १९६६ ते १९६९ सलग चार वर्षं फ्रान्समधली ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेली ही गाडी. तिचे दरवाजे छपरात कापलेले आहेत. पाऊस थांबल्यावर दरवाजा उघडला की छतावर साचलेलं पाणी थेट सीटवर. जगातलं कुठलंही रबर याला इलाज नाही, कारण तेव्हा फट बंद नसून दरवाजाच उघडा असतो. मूळ गाडीतही हे होतंच. रेप्लिकेत त्यात फायबरच्या साच्याची भर पडते: दरवाज्याची फट वर चार मिलिमीटर, खाली नऊ, आणि डावा उजव्यासारखा नाही. कोब्रा, लोटस सेव्हन किंवा पोर्शे स्पायडरच्या रेप्लिकेत तर अडवण्यासारखं छप्परच नाही. तिथे निवड करायचा प्रश्नच उरत नाही, पाण्याला वाट द्यावीच लागते.

बाकीच्या जागा ठरलेल्या: विंडस्क्रीनचा खालचा कोपरा, वायपरचं भोक, हवेच्या डक्ट, मागच्या क्लिपचा (बॉडीच्या मागच्या सुट्या भागाचा) जोड, आणि चाकांनी उडवलेलं पाणी जिथे फ्लोअर आणि फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली भिंत) जोडलेत ती कड.

अडवायचं ठरवलं तर

फायदा उघड आहे. वायरिंग कोरडं, सीट कोरडी, काचेवर आतून वाफ कमी. पण या शहरात सीलला पावसापेक्षा उन्हाचा मार जास्त. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. शेडबाहेर उभ्या गाडीचं गडद फायबर तर त्याहून खूपच तापतं. साधं रबर अशा उन्हात तडकतं, स्पंजची पट्टी भुगा होते. ईपीडीएम रबर ऊन बरंच सोसतं, म्हणून दरवाज्याला पोकळ फुग्याचं ईपीडीएम बीडिंगच घ्या. मात्र तेही महिनोन्‌महिने दाबून ठेवलं की उष्णतेत चपटं होऊन तसंच राहतं. एप्रिल-मेमध्ये गाडी शेडमध्ये उभी राहणार असेल तर दरवाजा पूर्ण लॉक न करता टेकवून ठेवलेला बरा.

फायबर आणि पोलादाच्या जोडात एम-सील भरलेलं मी अनेक गाड्यांत पाहिलं आहे. त्या जागी ते टिकत नाही. फायबर उन्हात पोलादापेक्षा जास्त फुगतं, आणि कडक भरणीला त्याच्याबरोबर हलता येत नसल्याने ती बारीक तडकते. तडा डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला बरोबर सापडतो. तिथे लवचीक पॉलियुरेथेन सीलंट लागतं. सिलिकॉन वापरायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. त्यातून सुटणारं आम्ल उघड्या पोलादाला गंज चढवतं. न्यूट्रल क्युअर असं लिहिलेली ट्यूब मागा.

सगळं बंद करण्याचा खरा तोटा वेगळाच आहे. शंभर टक्के बंद काहीच होत नाही, आणि आत गेलेलं थोडं पाणी मग बाहेर पडू शकत नाही. ते कार्पेटखाली बसतं, सिलच्या, म्हणजे दरवाज्याखालच्या कडेच्या, पोकळ पेटीत बसतं, ऑक्टोबर हीटमध्ये त्याची वाफ होऊन फ्यूज बॉक्सवर जमते. हिंगण्याच्या एका शेडमधले डेंटर म्हणाले ते मला पटलं: "पाणी कुठून येऊन राह्यलं ते मागून पाहा जी, कुठं साचून राह्यलं ते आधी पाहा."

वाट द्यायची ठरवली तर

हे काम स्वस्त, पण डोकं जास्त खाणारं. सर्वात खोल जागा शोधायची ती गाडी स्टँडवर असताना नाही, चारही चाकांवर, ट्रॅकच्या उंचीला, ड्रायव्हरला बसवून. रेसकारचं नाक बहुधा थोडं खाली असतं, म्हणून पाणी पायांकडे धावतं. तीच गाडी ट्रेलरवर चढवली की नाक वर, आणि पाणी सीटमागच्या भिंतीशी. म्हणून भोकं दोन्ही टोकांना हवीत. तांब्याभर पाणी ओतून बघा, कागदावर काढलेल्या नकाशापेक्षा ते खरं सांगतं.

भोक दहा-बारा मिलिमीटरपेक्षा लहान करू नका, कडुनिंबाचं एक पान त्याला पुरतं. पोलादात पाडलं तर कडेला प्राइमर आणि रंग. फायबरमध्ये पाडलं तर कडेला रेझिन लावाच, कारण उघडे काचतंतू वातीसारखं पाणी ओढून घेतात. चासीच्या बंद पाइपांना, हार्नेसच्या (रेसिंग सीटबेल्टच्या) बोल्टशेजारी, सीट माउंटजवळ ड्रिल लावायचं नाही.

उघड्या भोकाचा दोष हा की चाकांचा फवारा त्यातूनच वर येतो आणि उन्हाळ्यात धूळ. त्यावर बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह बसवता येतो. पाणी खाली जातं, वर येत नाही. नाहीतर खाली छोटी नळी काढून तिचं तोंड मागच्या बाजूला तिरकं कापा, वेगात जाणारी हवाच पाणी ओढून घेते. हवेच्या डक्टलाही हाच विचार: हवा वळसा घालून वर जाईल आणि थेंब खाली पडतील अशी छोटी पेटी, तिच्या तळाला नळी.

ज्या गाड्यांत पेट्रोलची टाकी सिलमध्ये आहे, तिथे तर वाट सक्तीचीच समजा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. बंद सिलमध्ये साचलेल्या पाण्यापेक्षा ती कितीतरी वाईट.

वाट काढली म्हणून आतलं सामान भिजणार नाही असं मात्र नाही. कार्पेट काढून टाका, सीटचा फोम पाणी न पिणारा घ्या, कनेक्टरची तोंडं खाली ठेवा, वायरला कनेक्टरआधी एक झोल द्या म्हणजे थेंब तिथून गळून पडेल.

ताडपत्रीचं काय

तिसरा मार्ग म्हणून लोक झाकून ठेवण्याचं सांगतात. शेडमध्ये ठीक. ट्रेलरवर प्लास्टिकची ताडपत्री वाऱ्याने फडफडून रंग घासते, आणि ओली गाडी झाकली की आत घाम. मला विचाराल तर बंद ट्रेलर नाहीतर काहीच नको.

मग कुणी काय करावं

उघडी गाडी: भोकं आणि जलरोधक फ्यूज बॉक्स, बस. छपराची गाडी, फक्त ट्रॅकसाठी: दोन्ही टोकांना भोकं, आणि सील तीनच ठिकाणी, विंडस्क्रीन, वायपरचं भोक, फायरवॉल. दरवाज्यावर जीव टाकू नका. पावसातही चालवायची असेल तर त्यावर दरवाज्याचं ईपीडीएम, पण आधी बिजागरं आणि लॅच जुळवून फट सारखी करून. असमान फटीत जाड रबर कोंबलं की एका बाजूला दरवाजा लागत नाही आणि दुसऱ्या बाजूने पाणी येतंच. अंडरपासचा विचार यात आणूच नका. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी भरलं की इतक्या बुटक्या गाडीला ना सील वाचवतं ना भोक.

तयार गाडी विकत घेताना मालकाला पाण्याचा पाइप मागा. धार खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर न्या. वरून सुरू केलं तर गळती नक्की कुठली ते कळत नाही. पाइप नसेल तर आत ब्लोअर लावून बाहेरून साबणाचं पाणी फिरवा, जिथे फुगे तिथे फट. मग फ्लोअरची रबरी बुचं काढून बोट घाला. बोटाला ओला गाळ लागला तर किमतीची बोलणी तिथून सुरू करा.